‘हे तुझ्याकडे असू दे’: आत्याने दिलेल्या शागालच्या चित्राचं काय करू?

प्रश्न, थोडक्यात:

ठाण्याच्या एका वाचक भगिनींचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा देते. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, कुटुंबातल्या, वयाने साठीच्या पुढच्या. त्यांची आत्या १९५८च्या सुमारास इस्राएलला गेली, जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयात तिने नर्स म्हणून उभी हयात काढली, लग्न केलं नाही. २०११ साली ती शेवटची ठाण्याला आली, तेव्हा बरोबर फ्रेम केलेलं एक चित्र घेऊन आली. चित्र पिवळंधमक. रुग्णालयातल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहात, मार्क शागाल या चित्रकाराच्या बारा काचखिडक्या आहेत, इस्राएलच्या बारा वंशांना एकेक. त्यांतल्या लेवी वंशाच्या खिडकीची ही छापील प्रत. खाली उजवीकडे पेन्सिलीने केलेली सही. डावीकडेही पेन्सिलीची एक खूण माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, गेल्यासारखी दिसते. आत्या एवढंच म्हणाली, ‘हे तुझ्याकडे असू दे.’ तीन वर्षांनी ती इस्राएलमधल्या अश्दोद शहरात वारली.

आता थोरल्या भावाच्या मुलाने शागालच्या किमती पाहिल्या आहेत. थोरल्याचं म्हणणं, विकून तीन वाटे करू. अश्दोदला राहणारा धाकटा म्हणतो, घरात अशी चित्रं कशाला, सिनेगॉगला देऊन टाका. गल्लीतला फ्रेमवाला म्हणतो, कागद धुऊन पांढराशुभ्र करून देतो, आणि विकायचं असेल तर मीच घेतो. भगिनी लिहितात: ‘शेवटी ती प्रिंटच ना? मग एवढं भांडण कशासाठी? तपासायला द्यायची मला भीती वाटते. खिडक्यांच्या उद्घाटनाला चित्रकार आला, तेव्हा त्याने सही करून दिली, असं आत्या सांगायची. सही खोटी निघाली तर माझी आत्या खोटी ठरेल.’

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा आत्याच्या ‘असू दे’पाशी अडले. सहीबद्दल तुम्ही दीड पान लिहिलं आहे आणि या दोन शब्दांवर अर्धी ओळ. मला वाटतं, घरातलं भांडण या दोन शब्दांवरून आहे.

आपल्याकडे वस्तू देताना माणसं किती तऱ्हांनी बोलतात पाहा. ‘हे तुला’ म्हटलं की विषय संपला. ‘हे ठेव’ म्हटलं की मागे कुठेतरी ‘मी मागेन तेव्हा दे’ असतं. ‘तुझ्याकडे असू दे’ या दोहोंच्या मधलं. माझ्या आईने घर आवरताना तिच्या सासूचा तांब्याचा बंब मला असाच दिला होता, ‘असू दे तुझ्याकडे’ म्हणून. पंधरा वर्षं झाली. तो माझा आहे की मी त्याची राखणदार आहे, ते मला आजही सांगता येत नाही. आईला विचारायचं राहून गेलं. तुमच्या भावांनी ‘राखायला दिलं’ असा अर्थ घेतला आणि तुम्ही मनातून ‘मला दिलं’ असा घेतला. दोघांचीही चूक नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण थोरल्या भावाने ‘तीन वाटे’ हे ठरलेलंच आहे असं धरलं आहे. आपल्याकडच्या १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात चल वस्तूचं बक्षीस नुसती वस्तू हातात देऊनही पूर्ण होतं, कागद लागतोच असं नाही. आत्याने हयातीत, स्वतःच्या हाताने, तुम्हाला म्हणून दिलं असेल तर ते तुमचं झालं, तिच्या मागे वाटणीला उरलंच नाही. पण दिलं नव्हतं, ठेवायला सांगितलं होतं असं धरलं, तरी ते आपोआप तिघा भावंडांचं होत नाही. आत्याचं कायमचं वास्तव्य इस्राएलमध्ये होतं. अशा माणसाची चल मालमत्ता त्याच्या वास्तव्याच्या देशाच्या कायद्याने जाते, असं आपला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदाच सांगतो. तिचं मृत्युपत्र होतं का, हे अश्दोदच्या भावाला विचारायला हवं. विकायचं नक्की होणार असेल तर त्याआधी वकिलाचं एक मत घ्या. म्हणजे थोरल्याचे तीन वाटे आणि तुमचा एकटीचा हक्क, दोन्ही अजून गृहीतच आहेत.

आता ‘शेवटी ती प्रिंटच ना’. हे वाक्य तुम्ही स्वतःची समजूत घालण्यासाठी लिहिलं आहे, असं मला वाचताना जाणवलं. पण ते बरोबर नाही.

आपल्या आजीच्या पिढीला शिळाछाप म्हणजे काय ते माहीत होतं. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला रविवर्मा छापखाना आठवा. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या, त्या दगडावरून छापलेल्या. सपाट चुनखडकावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फिरवायची. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट जागी धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा, आणि तोच कागद प्रत्येक वेळी अचूक त्याच जागी बसवायचा. शागाल पॅरिसच्या मूर्लो छापखान्यात असंच काम करायचा. तिथे शार्ल सॉर्लिये नावाचा कारागीर त्याचा उजवा हात होता. ज्या शिळाछापांचं रेखाटन शागालने स्वतः दगडावर केलं, ते ‘मूळ शिळाछाप’. शागालच्या रंगचित्रावरून सॉर्लियेने दगडावर उतरवलं आणि शागालने पाहून सही केली, ते ‘शागालवरून’. दोन्ही छापलेलेच, दोन्हींवर खरी सही असू शकते, आणि बाजारात दोन्हींचा भाव वेगळा असतो. त्याच्याही खाली पुस्तकांतून कापून फ्रेम केलेली पानं, पोस्टरं आणि साधी यांत्रिक छपाई.

तुमच्या खिडकीबद्दल जे नक्की माहीत आहे ते असं. रीम्सच्या कार्यशाळेत शार्ल मार्कच्या हातांनी बारा वंशांच्या बारा खिडक्या काचेत उतरल्या. प्रत्येक खिडकी सुमारे ११ फूट उंच आणि ८ फूट रुंद. १९६१ साली आधी पॅरिसला आणि मग न्यूयॉर्कला त्यांची प्रदर्शनं झाली. फेब्रुवारी १९६२मध्ये जेरुसलेमला त्यांचं उद्घाटन झालं, आणि त्याला शागाल स्वतः हजर होता. आत्याच्या गोष्टीतला एवढा भाग तर पक्का आहे. त्याच वर्षी या खिडक्यांवर मोठं पुस्तकही निघालं. पुढे १९६४ साली या खिडक्यांच्या कच्च्या रंगचित्रांवरून सॉर्लियेने बारा मोठ्या शिळाछापांचा संच केला. त्याच्या प्रत्येक चित्राच्या १५० प्रती क्रमांक घालून शागालने पेन्सिलीने सही केल्या. कागद बराच मोठा, पाऊण मीटरच्या आसपास उंच.

आता तुमच्या माउंटखाली लपलेल्या त्या खुणेकडे या. तिथे तिरपी रेघ आणि मागे १५० निघालं, तर चित्र बहुधा १९६४च्या संचातलं. म्हणजे ते बऱ्यापैकी मोलाचं, पण १९६२च्या उद्घाटनाला त्यावर सही झालेली असू शकत नाही. उलट माउंट उचलल्यावर तळाशी प्रदर्शनाची छापील अक्षरं दिसली, तर ते पोस्टर. पोस्टरवर सही मागायला जाणारी नर्स मला अगदी डोळ्यांसमोर दिसते. तसं असेल तर बाजारभाव खाली येईल आणि आत्याची गोष्ट जास्त खरी ठरेल.

म्हणून म्हणते, किंमत आणि आत्याचं खरेपण या दोन गोष्टी तुम्ही एकाच गाठीत बांधल्या आहेत, त्या सोडवा. १९६४ची प्रत निघाली तरी आत्या खोटी ठरत नाही. शागाल १९६२नंतरही इस्राएलला आला, १९६९ साली क्नेसेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, त्याचे तीन प्रचंड विणपट लागले. पन्नास वर्षांच्या आठवणीत दोन प्रसंग एक होतात, कुणाच्या मेहेरबानीने मिळालेली वस्तू ‘माझ्या हातात दिली’ अशी होते. माझ्या वडिलांच्या बोलण्यात असे कितीतरी प्रसंग एक झाले होते, आणि ते माझ्या ओळखीतले सर्वांत सच्चे गृहस्थ होते. सही छापलेली निघाली, अगदी कुणी बनावट केलेली निघाली, तरी तिने ती बनावट समजून तुम्हाला दिली असं तुम्हाला क्षणभर तरी वाटतं का?

आणखी एक गोष्ट लिहू की नको, असा विचार केला. तुम्ही ती माझ्यापेक्षा जवळून जाणता, पण थोरल्या भावाच्या मुलाला कदाचित ठाऊक नसेल. ज्या वर्षी त्या बारा वंशांच्या खिडक्या लागल्या, त्याच सुमारास तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएल लोकांच्या विवाहाआधी त्यांच्या पिढ्यांची चौकशी करा, असं ठरवलं. कोकणात शतकानुशतकं शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळून ‘शनिवार तेली’ म्हणवून घेतलेल्या माणसांकडे, तुम्ही खरे यहुदी असल्याचा पुरावा आणा, अशी मागणी झाली. १९६४ साली आपल्या माणसांनी जेरुसलेमला ठिय्या दिला, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला की हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत. आत्या तेव्हा तिथे होती, लग्नाच्या वयाची होती. यावरून मी काहीही अंदाज बांधणार नाही. पण त्याच काळात तिने बारांपैकी एका वंशाची खिडकी आपल्या भिंतीवर लावली आणि जन्मभर ठेवली, हे मात्र मी विसरू शकत नाही. अश्दोदच्या भावाला तिची पत्रं, फोटोंचा आल्बम शोधायला सांगा. जुन्या एखाद्या फोटोत तिच्या खोलीच्या भिंतीवर हे चित्र दिसलं आणि मागे तारीख असली, तर तज्ज्ञालाही तो पुरावा लागतो आणि तुम्हा तिघांना तर लागतोच.

तपासायचं कसं, ते सांगते, कारण अशी ‘सहीची’ चित्रं बऱ्याच घरांत असतात. घरच्या घरी दोनच गोष्टी करा. एक, सही उजेडाला तिरपी धरून पाहा. पेन्सिलीचं शिसं किंचित चमकतं आणि कागदावर हलका दाब दिसतो, छापलेली सही कागदाशी सपाट असते. दोन, घड्याळजी वापरतात तसलं भिंग काचेवरूनच चित्राच्या पिवळ्यावर धरा. रंग वर्तमानपत्रातल्या फोटोसारखा सुबक ठिपक्यांच्या जाळीत दिसला, तर ती यांत्रिक छपाई. वाळूच्या कणांसारखा वेडावाकडा दिसला, तर दगडाची किंवा पत्र्याची शक्यता राहते. मी एकदा एका स्नेह्यांकडे असं भिंग धरलं होतं. पहिल्याच नजरेला निळ्या-तांबड्या ठिपक्यांची रांगोळी दिसली, आणि ‘अस्सल’ म्हणून वीस वर्षं मिरवलेलं चित्र कॅलेंडरचं पान निघालं. ते आजही त्याच जागी लावलेलं आहे, आणि ते मला आवडलं.

यापुढचं घरी करू नका. शागालच्या शिळाछापांच्या सूची खंडाखंडांनी छापलेल्या आहेत, पहिला खंड १९६०चा. मोठ्या लिलावघरांत छापचित्रांचे वेगळे जाणकार असतात. ते चित्र, सही, क्रमांक आणि मागची बाजू यांचे फोटो पाहून प्राथमिक मत देतात. इथल्या बाजारात भारतीय चित्रकारांचं मोल करणारे पुष्कळ आहेत, शागालचं करणारे थोडे, म्हणून गल्लीतल्या आकड्यावर विसंबू नका. भाच्याने पाहिलेले आकडे शागालच्या कॅनव्हासचे आहेत की सही केलेल्या शिळाछापांचे, हेही त्याला प्रेमाने विचारा. त्या दोन किमतींत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, आणि घरातली निम्मी गरमी कदाचित तिथेच उतरेल.

फ्रेमवाल्याला मात्र चित्र देऊ नका, एका दिवसासाठीही नाही. जो माणूस विकत घ्यायला तयार आहे, त्यानेच दुरुस्तीही करायची, हे गणित बरोबर नाही. आणि ‘धुऊन पांढराशुभ्र’ ऐकून माझ्या काळजात धस्स झालं. ब्लीचने कागदाचा धागा मरतो, रंग उडतात, आणि धुण्या-घासण्यात पेन्सिलीची सही पुसट होऊ शकते. माझ्या वडिलांच्या मित्राने त्यांना काढून दिलेलं एक छोटं रेखाचित्र होतं. फ्रेमवाल्याने ते ‘पोपडे येऊ नयेत’ म्हणून हार्डबोर्डवर गोंदाने पुरतं चिकटवलं. दोन पावसाळ्यांत गोंद तपकिरी होऊन पुढे फुटला. आता ते ना काढता येतं, ना बघवतं.

तुम्ही लिहिता की माउंटच्या आतल्या कडेने तपकिरी रेघ उमटली आहे आणि वर काही तांबूस ठिपके आलेत. रेघ माउंटच्या स्वस्त पुठ्ठ्यातल्या आम्लाची असावी, ठिपके दमटपणाचे. दोन्हींवर इलाज आहे, पण तो कागदाच्या संवर्धकाकडे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करा. तोवर चित्र पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर असेल तर आजच उतरवा. ठाण्याच्या पावसात ती भिंत चार महिने घाम गाळते. आतल्या भिंतीवर लावा, खिडकीसमोर नको, स्वयंपाकघराच्या वाऱ्यात नको. काच थेट कागदाला टेकलेली आहे का, मागे कसर लागलीय का, तेवढं पाहा. पुढे नवी फ्रेम कराल तेव्हा आम्लविरहित माउंट मागा, मागे प्लायवूड नको, सेलोटेप तर अजिबात नको.

आता भावांबद्दल. धाकट्याच्या मनात मूर्तिनिषेध आहे, त्याला हसू नका. पण त्याला सांगा की शागालनेही तेवढ्याचसाठी त्या बाराही खिडक्यांत एकही मानवी आकृती काढली नाही. नियमशास्त्राच्या पाट्या आहेत, मेणबत्त्या आहेत, पक्षी आणि प्राणी आहेत. ज्या चित्राचं मूळच सिनेगॉगच्या भिंतीत बसलं, ते घरात वर्ज्य कसं होईल? आणि तुमच्या आईच्या घरी अग्निरथातून स्वर्गात जाणाऱ्या एलियाहू हनाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, तसबीर नव्हती का? मलिद्याचं, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांचं, ताट तिच्यासमोरच ठेवलं जात असेल ना? ती तसबीर चालते तर हे का नको, एवढंच विचारा आणि तो काय म्हणतो ते ऐका. सिनेगॉगला द्यायचा विचार वाईट नाही. पण आधी विश्वस्तांना विचारा की त्यांना हवं आहे का, कोरडी भिंत आहे का, सांभाळणार कोण. न मागता दिलेल्या देणग्या पुष्कळदा कपाटामागे जातात.

थोरल्याला पैशांची गरज आहे की हिशेब चुकता राहू नये असं वाटतंय, हे तुमच्या पत्रातून मला कळलं नाही, आणि तुम्ही त्याला विचारलेलं दिसत नाही. घरात आजारपण असेल, मुलाची फी असेल, तर मी विकण्याच्या विरोधात एक शब्दही बोलणार नाही. आत्या आयुष्यभर आजाऱ्यांची सेवा करत होती, तिला ते वावगं वाटलं नसतं. तेव्हा घाईने गल्लीत न विकता, जे आहे ते नीट नाव लावून विका. ‘शागालवरून’ असेल तर ‘शागालवरून’ म्हणूनच. पण गरज नसेल आणि नुसत्या वाटणीचाच प्रश्न असेल, तर तिघांनी बसून एक साधा कागद करा: चित्र तुमच्याकडे राहील, तिघांच्या संमतीशिवाय विकलं जाणार नाही, तुमच्यानंतर ते कुणाकडे जाईल. भाच्याचं नाव त्यात घालायला मी कचरणार नाही. ज्याने किमती शोधल्या, तो कुतूहलाने बाकीचंही शोधेल. हा कागद केलात की तपासणीचा निकाल काहीही लागला तरी भांडायला नवं कारण मिळणार नाही. म्हणून माझा आग्रह आहे की कागद आधी करा आणि तपासणी नंतर.

तुम्हाला स्वतःला काय हवं आहे, हे पाच पानांच्या पत्रात तुम्ही एकदाच लिहिलंत, तेही कंसात: ‘(सकाळी चहा घेताना त्या पिवळ्याकडे बघायची सवय झाली आहे)’. भावांसमोर बसाल तेव्हा हे कंसाबाहेर बोला. माझा हक्क, आत्याची इच्छा, हे सगळं मागाहून.

या रविवारी एवढंच करा. कुणाला तरी मदतीला घेऊन फ्रेम भिंतीवरून उतरवा, गादीवर पालथी ठेवा आणि मागचा तपकिरी कागद न फाडता त्यावर काय आहे ते पाहा. जुन्या फ्रेमवाल्याची चिठ्ठी, हिब्रू अक्षरं, दुकानाचा शिक्का, पेन्सिलीतला आकडा, आत्याच्या हातचं काही. सगळ्याचे फोटो काढा आणि अश्दोदच्या भावाला पाठवा. हिब्रू त्याला वाचता येतं. तो वाचून काय सांगतो ते मलाही कळवा.